रिकाम्या पेटीखालचे शब्द

गडहिंग्लजात एखाद्याच्या स्कूटरचा हॉर्न अचानक म्हशीसारखा हंबरायला लागला, की माणूस गॅरेजात जात नसे. थेट मल्लू हत्तरगीच्या दुकानात जायचा आणि हात जोडून म्हणायचा, "बस झालं गा, काढ आता." मल्लू काढायचा, वर चहा पाजायचा. नगरपालिकेचा औषध फवारणारा ड्रोन एकदा नगराध्यक्षांच्या गॅलरीसमोर तरंगत मंगलाष्टकं म्हणत होता, तेव्हाही चौकशी समिती नेमायची गरज पडली नाही. सगळे चालत चालत मल्लूच्याच दुकानात आले.

दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मालक बावन्न वर्षांचा, टकला, डोळ्यांत कायम काहीतरी शिजत असलेला. गावाला वाटायचं, हा माणूस जन्मतःच चेष्टेखोर. खरं तर त्याच्या चेष्टेला एक जन्मतारीख होती.

२०११ सालची उन्हाळी चषकाची फायनल. मल्लू बाजारपेठ संघाचा गोलकीपर. बॉल छान दोन्ही हातांत आला होता. आपल्याच बॅककडे फेकायला म्हणून तो वळला, घामानं हात सटकला आणि बॉल टुणटुणत स्वतःच्याच जाळ्यात. मैदानावरची पाच हजार माणसं गप्प. गडहिंग्लजात फुटबॉलवरून लग्नं मोडतात, मग गोलकीपरचं काय होईल ते सांगायला नको. मल्लूनं एक क्षण विचार केला, कमरेत वाकला आणि चारी बाजूंना ऐटीत मुजरा घातला. त्याच क्षणी माइकवरून दिनकर घुगरेचा आवाज फुटला, "घरचा आहेऽऽर! मल्लूशेठ हत्तरगींकडून पाहुण्यांना घरचा आहेर!"

पब्लिक हसून लोळली. मॅच गेली, पण मल्लूचा मार वाचला. त्या दिवशी त्याला एक युक्ती कळली. चूक झाली की लपवायची नाही, तिला चेष्टेचे कपडे घालून चौकात उभी करायची. तीस वर्षं ही युक्ती कधी फसली नव्हती.

दिनकर शाळेत पी.टी. शिकवायचा, पण गावानं त्याला ओळखलं ते माइकमुळं. गावातल्या प्रत्येक मॅचची कॉमेंट्री त्याची. २०३९ साली एका सकाळी दात घासताना तो बेसिनजवळ खाली बसला आणि उठला तेव्हा त्याची भाषा गेलेली होती. हातपाय सावरले, डोकं शाबूत, समोरच्याचं सगळं समजायचं. पण बोलायला गेला की घशातून नुसता "आऽ" निघायचा, आणि लिहायला गेला तर अक्षरं वाटेतच विरघळायची. मेंदूतला नेमका शब्द जुळवणारा कोपरा रक्ताविना सुकला होता.

तेव्हा पुण्यातल्या पाच जणांच्या एका छोट्या कंपनीनं 'बोलका डबा' काढला होता. कानामागं कवटीखाली नखाएवढी जाळी बसवायची. माणसाला काही बोलावंसं वाटलं की मेंदूत त्या शब्दाचा म्हणून विजेचा एक ठसा उमटतो. तोंडापर्यंतचा रस्ता तुटलेला असला तरी ठसा उमटतोच. जाळी तो टिपते, कमरेवरच्या डब्याला पाठवते, डबा आपल्या साठ्यात बघतो की हा ठसा कुठल्या शब्दाचा, आणि तो शब्द मोठ्यानं म्हणतो. दिनकरच्या जुन्या कॉमेंट्रीच्या टेपा होत्याच, त्यामुळं डब्याला आवाजही त्याचाच दिलेला.

अडचण एवढीच, की ठसा प्रत्येकाचा वेगळा. तुमच्या डोक्यातला 'चहा' आणि माझ्या डोक्यातला 'चहा' यांचं एकमेकांशी फारसं जुळत नाही. त्यामुळं डब्याला एकेक शब्द शिकवावा लागायचा. समोर बसणाऱ्यानं कार्ड दाखवून शब्द स्पष्ट म्हणायचा, पेशंटनं मनात म्हणायचा, आणि हे तीस वेळा. तेव्हा कुठं शब्द आणि ठसा यांची एक जोडी साठ्यात पडणार.

दिनकरच्या बायकोनं, शालननं, चौदा महिने हे केलं. पुठ्ठ्याची कार्डं कापली, स्वतः चित्रं काढली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली. दिवसाला दहा शब्द. कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि ही समोर बसून "कोथिंबीर, कोथिंबीर, कोथिंबीर." चार हजार तीनशे बारा शब्द झाले. त्यात पुस्तकातले थोडे, गडहिंग्लजचे जास्त आणि शिव्या मुबलक. नंतर कंपनी बंद पडली. पण डब्याच्या आत साधी लिनक्स प्रणाली होती, कॉम्प्युटर चालवते ती, मल्लूच्या ओळखीची, त्यामुळं देखभाल मल्लूकडं आली.

आणि मग २०४१ सालच्या धुळवडीच्या सकाळी डब्यानं कुरकुर केली, "साठवणीची जागा संपत आली आहे."

मल्लू रंगलेल्या तोंडानंच दिनकरच्या घरी पोचला.

"काय गा मल्ल्या," डबा दिनकरच्या आवाजात म्हणाला, "रंग लावून आलास की तोंडच तसलं झालंय?"

"तुझ्या डब्याचं पोट फुगलंय म्हणून आलोय. लई शिव्या साठवल्यास बघ."

"तुझ्यासाठी राखून ठेवल्यात. दुपारी चारला पहिल्या फेरीची मॅच हाय. त्याच्या आत दे, न्हायतर माइकवर तुला बसवतो."

"भावजी, नीट करा हं," शालन आतून म्हणाली. "घाई नको."

"वहिनी, हे काम मी झोपेत करतो."

झोपेत करतो म्हणणारा माणूस जागेपणी कसा चुकतो, ते आता बघा.

मल्लूनं एका जुन्या सीसीटीव्ही रेकॉर्डरमधलं मोठं मेमरी कार्ड आणलं होतं. डब्यात दुसरी खाच होती, तिथं ते बसवलं, लॅपटॉप जोडला आणि कार्डावर नवं पार्टिशन पाडलं. पार्टिशन म्हणजे मोकळ्या प्लॉटवर चुन्याची रेघ मारून 'ही खोली' म्हणायचं. रेघ मारली, पण लिनक्सला ती खोली दिसेचना. मल्लूला हसू आलं. नवी खोली झाल्याची बातमी आतल्या कारभाऱ्याला दिली नाही की असं होतं, हे त्याला पाठ होतं. त्यानं डबा बंद करून चालू केला. खोली दिसली. आत जायला गेला तर डबा म्हणाला, ही कसली खोली, हिला कप्पे कुठायत. बरोबर होतं. खोलीत कप्पे करावे लागतात, त्यालाच फॉरमॅट म्हणतात. मल्लूनं फॉरमॅटचा हुकूम दिला. तेवढ्यात शालन पुरणपोळी घेऊन आली आणि मल्लू तिला ड्रोनच्या मंगलाष्टकांची गोष्ट रंगवून सांगायला लागला. पडद्यावर 'इथं आधीचं काहीतरी आहे, पुढं जाऊ का' असा प्रश्न आला होता. मल्लूनं न वाचताच 'हो' दाबलं, आणि पोळीचा घास घेतला.

पुढचं सरळ होतं. शब्दांचं फोल्डर या नव्या मोठ्या खोलीला जोडायचं, त्याला माउंट करणं म्हणतात, आणि डबा दरवेळी चालू होताना ही जोडणी आपोआप व्हावी म्हणून एक ओळ लिहून ठेवायची. ओळ लिहिली. डबा पुन्हा चालू केला. सगळे दिवे हिरवे.

"बोल राजा," मल्लू म्हणाला.

दिनकरनं तोंड उघडलं. डबा गप्प. दिनकरनं भुवया उंचावल्या. डबा गप्प. मल्लूनं लॅपटॉपकडं बघितलं. तिथं लिहिलं होतं, शब्द : शून्य.

मल्लूच्या तोंडातली पोळी तशीच राहिली. 'इथं आधीचं काहीतरी आहे.' तो न वाचलेला प्रश्न आता त्याला लख्ख आठवला. दोन कार्डं बसवली की चालू होताना त्यांची नावं कधी कधी अदलाबदल होतात, हेही आठवलं. म्हणजे नव्या खोलीऐवजी जुनी खोली फॉरमॅट केली आपण. चौदा महिने पुसले. पडद्याच्या कोपऱ्यात 'जुनं कार्ड : ९७ टक्के भरलेलं' असा आकडा होता. मल्लूची नजर त्याच्यावरून गेलीसुद्धा. पण घाबरलेल्या माणसाला आकडे दिसतात, वाचता येत नाहीत.

आणि तेवढ्यात शालन खो खो हसायला लागली.

"भावजी! धुळवडीला तरी सोडा की त्यांना! अहो बघा ओ, मुकं करून ठेवलं तुम्हाला!"

दिनकरही हसायला लागला. आवाज नसलेलं, खांदे हलवणारं हसू. त्यानं मल्लूकडं बोट दाखवलं आणि माहीतच होतं अशी मान हलवली.

मल्लूला तेव्हा खरं सांगता आलं असतं. 'अरे, काहीतरी घोटाळा झालाय,' एवढंच. चार शब्द. पण समोर पब्लिक हसत होती आणि मल्लूची कंबर सवयीनं वाकली. त्यानं मुजरा घातला.

"शिमगाऽऽ!" तो ओरडला.

आता मुकं ठेवून तर चालणार नव्हतं. डब्यात कंपनीनं दिलेला एक 'पाया संच' होता, अजून काहीच न शिकलेल्या पेशंटसाठी. पुण्यात बसून कुणीतरी बनवलेले नऊशे शब्द, सरासरी माणसाच्या सरासरी ठशांवर बेतलेले. मल्लूनं तो नव्या खोलीत ओतला. पंधरा मिनिटं डबा चाचपडला आणि मग दिनकरच्या भरदार आवाजात म्हणाला, "नमस्कार. कृपया मला पाणी द्यावे."

शालन हसून हसून पायरीवर बसली. गल्लीतले लोक रंगाच्या पिचकाऱ्या टाकून बघायला आले. दिनकर घुगरे, जो रेफरीच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा, तो म्हणत होता, "आपले स्वागत आहे. आसन ग्रहण करा."

"मल्लूशेठ, मानलं!" कुणीतरी म्हणालं. "आजपर्यंतची सगळ्यात भारी!"

मल्लू हसला. चारची मॅच दुसऱ्या कुणीतरी सांभाळली. धुळवड होती, कुणाला वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिनकर स्वतः दुकानात आला. "मित्रा," डबा म्हणाला, "विनोद पुरे. माझे शब्द परत करावेत."

"रंगपंचमीपर्यंत थांब की गा! गावाला मजा येतीय."

रंगपंचमी झाली. मग मल्लू म्हणाला, एक पार्ट यायचा आहे. मग म्हणाला, कोल्हापूरला जाऊन येतो. दर खेपेला डोळा मारायचा. दर खेपेला दिनकरला वाटायचं, लेकाच्या मनात काहीतरी मोठा बेत शिजतोय. तीस वर्षांची सवय. मल्लूनं टांगलेला माणूस कधी ना कधी खाली उतरतो आणि उतरताना चहा मिळतो, हे त्याला माहीत होतं.

इकडं मल्लू जुनं कार्ड उघडून बघायला धजत नव्हता. पुसलेलं काही वेळा परत काढता येतं, हे त्याला कळत होतं. पण उघडलं आणि खरंच काही नसलं तर? न उघडता निदान आशा तरी होती. कंपनीत काम केलेल्या ऊर्मिला दाते नावाच्या इंजिनिअर बाईंचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. तीनदा त्यानं तो काढला. 'बाई, मी फॉरमॅट करताना पोळी खात होतो,' हे सांगायचं कसं? हे चेष्टेच्या कपड्यात बसेना. त्यानं फोन ठेवून दिला.

दिनकर हळूहळू कमी बोलायला लागला. नऊशे शब्दांत माणूस पाणी मागू शकतो, तब्येत विचारू शकतो. 'आज रस्सा पातळ झालाय, पण तुझं तोंड बघून गोड मानून घेतो' असं म्हणू शकत नाही. पहिल्यांदा तो शब्द शोधायचा, कपाळावर आठ्या यायच्या, डबा "क्षमस्व" म्हणायचा. मग त्यानं शोधणंच सोडलं. जे शब्द डब्यात आहेत तेवढ्यातच विचार करायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात शालन दुकानात आली. हसत नव्हती.

"भावजी, आता पुरे करा."

"अहो वहिनी, फायनलला बघा कसा बार उडवतो."

"ते मला 'आपण' म्हणायला लागलेत," शालन म्हणाली. "तीस वर्षांत कधी शालनसुद्धा म्हणाले नव्हते. 'शाले' म्हणायचे. ती हाक शिकवायला मला तीन दिवस लागले होते. काल म्हणाले, 'आपण जेवलात का?' मला वाटलं, घरात पाव्हणं आलंय कोण."

मल्लूनं खाली बघून कुणाच्या तरी कीबोर्डवरची धूळ झटकली. "फायनलपर्यंत," तो म्हणाला.

फायनल आली. धुळवडीपासून अडतिसाव्या दिवशी. मैदान खच्चून भरलं होतं. सगळ्या गावाला खात्री होती की मल्लूशेठ आज गाठ सोडणार, दिनकर मास्तर माइकवर फुटणार. दिनकरलाही तसंच वाटत असावं. त्यानं ठेवणीतली टोपी घातली होती. कॉमेंट्रीच्या मंडपात शिरताना त्यानं मल्लूच्या पाठीत गुद्दा घातला आणि हात पसरला, आण. मल्लूनं डबा हातात घेतला, उगाच दोन बटणं दाबली आणि परत दिला. त्याच्याकडं द्यायला काही नव्हतं.

अकराव्या मिनिटाला बाजारपेठेच्या पोरानं मधल्या रेषेपासून तिघांना चकवत असा काही गोल मारला, की म्हातारी माणसं खुर्चीवर उभी राहिली. पूर्वीचा दिनकर असता तर, "घुसला, घुसला, घुसलाऽऽ! गोलकीपर गेला भाजी आणायला, पिशवी विसरला घरात!" असं काहीतरी कोसळलं असतं. दिनकरनं माइक तोंडाशी नेला. मानेच्या शिरा ताणल्या. सगळं मैदान कान टवकारून थांबलं.

"खेळाडूने चेंडू जाळ्यात पोहोचविला आहे," लाउडस्पीकर म्हणाला. "हार्दिक अभिनंदन."

सगळं मैदान हसलं. पाच हजार माणसं. वाईट बुद्धीनं कुणी हसलं नाही. चेष्टा आहे असंच वाटलं सगळ्यांना. "मल्लूशेठ की जय!" कुणीतरी ओरडलं.

दिनकर हसला नाही. त्यानं मान वळवून मल्लूकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. पेनल्टी मारणाऱ्याच्या पायाकडं बघावं तसं. आणि त्या बघण्यात मल्लूला कळलं, की याला आता कळलंय, कुठंतरी काहीतरी चेष्टेच्या बाहेरचं आहे. दिनकरनं माइक टेबलावर ठेवला, कमरेवरचा डबा बंद केला आणि मंडपातून बाहेर पडला. पहिला हाफ संपायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लू दिनकरच्या घरी गेला. दिनकर खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मल्लूनं डबा उचलला, दुकानात आणला, शटर अर्धं ओढलं आणि ऊर्मिला दातेंना फोन लावला. या वेळी सगळं सांगितलं. पोळीसकट.

बाई आता एका कॉलेजात शिकवत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, एक सांगा. जुनं कार्ड किती भरलेलं दिसतंय?"

"सत्त्याण्णव टक्के."

"आणि फॉरमॅट केलेलं कार्ड किती भरलेलं असतं?"

मल्लूनं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. बाई थांबल्या. शिकवणाऱ्या माणसांना गप्प कधी राहायचं ते कळतं.

"रिकामं असतं," मल्लू म्हणाला. "पुसलेलं असतं तर रिकामं दिसलं असतं."

"बरोबर. तुम्ही योग्य कार्डच फॉरमॅट केलंत. तो प्रश्न आला ना, तो त्या सीसीटीव्हीच्या जुन्या चित्रणाबद्दल होता. तुमची चूक पुढची आहे. शब्दांनी भरलेल्या फोल्डरवरच तुम्ही नवी खोली माउंट केलीत, आणि आधी आतले शब्द हलवायला विसरलात. भरलेल्या पेटीवर तुम्ही रिकामी पेटी ठेवलीत, काका. वरची उघडली की रिकामीच दिसणार. खालचं कुठं जात नाही. वरची उचला."

मल्लूनं जोडणी सोडायचा हुकूम टाइप केला. एक छोटी ओळ. पडदा हलला.

शब्द : चार हजार तीनशे बारा.

मल्लू उडालाच. "आले! बाई, आले! सगळेच्या सगळे!"

"किती दिवस झाले म्हणालात?" पलीकडून आवाज आला.

"एकोणचाळीस."

"आणि मधल्या काळात ते पाया संच वापरत होते? रोज?"

"व्हय."

बाईंनी श्वास सोडलेला मल्लूला ऐकू आला. मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूतला शब्दाचा ठसा एका जागी थांबत नाही. नदीचं पात्र जसं दर पावसाळ्यात थोडं सरकतं, तसा तो रोज किंचित सरकतो. डबा रोज शब्द वापरतो, म्हणून रोज त्याच्या मागं मागं सरकतो आणि कुणाला कळतही नाही. पण एकोणचाळीस दिवस खालच्या पेटीतले ठसे जागच्या जागी गोठले, आणि दिनकरचा मेंदू मात्र पुढं गेला. नुसता पुढं नाही, त्या परक्या नऊशे शब्दांशी जुळवून घेत गेला. माणसाचा मेंदू फार समजूतदार असतो. जे मिळेल त्यात भागवतो आणि बाकीच्या वाटा मोडून टाकतो.

"म्हणजे?"

"म्हणजे कुलपं तीच आहेत, किल्ल्या बदलल्यात. पहिल्या आठवड्यात फोन केला असतात ना काका, तर संध्याकाळपर्यंत ते शिव्या देत बसले असते."

मल्लू बराच वेळ अर्ध्या शटरखालून दिसणारे रस्त्यावरचे पाय बघत बसला. मग डबा पिशवीत घालून दिनकरच्या घरी गेला.

"दिन्या, वहिनी, जरा बसा," तो म्हणाला. "ही चेष्टा नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती. माझ्या हातून चूक झाली, आणि तुम्ही हसलात म्हणून मी शिमगा म्हणालो."

शालननं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. "आता हे काय नवीन, भावजी? आणि तोंड किती छान केलंय रडवं!"

दिनकरनं उठून बसत डबा चालू केला. पाया संचातूनच डबा म्हणाला, "हा विनोद उत्तम आहे."

मल्लूला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हसू नये असं वाटत होतं, आणि ती दोघं हसत होती. त्यानं लॅपटॉप उघडला. खालच्या पेटीत प्रत्येक शब्दासोबत शिकवतानाचं रेकॉर्डिंगही होतं. पहिलंच त्यानं लावलं.

"चहा," शिकवणीच्या पहिल्या दिवसाची शालन म्हणाली. "चहा. मनात म्हणा की ओ. चहा. चहा." मागं कुकरची शिट्टी. "चहा. अहो, हिरवा दिवा लागला! लागला ओ! चहा!"

शालनचं हसू थांबलं. तिनं पदर तोंडाशी धरला.

मल्लूनं मग सगळं सांगितलं. वरची पेटी, खालची पेटी, सरकलेलं पात्र. शेवटी जुने शब्द डब्यात चालू केले आणि म्हणाला, "बोल."

दिनकरनं शालनकडं बघितलं. ओठ हलले. डबा जोरात म्हणाला, "कोथिंबीर." दिनकर दचकला. पुन्हा प्रयत्न केला. "रेफरी. मंगळवार. चप्पल." त्यानं डोळे मिटून घेतले. मल्लूनं एकेक शब्द भराभर म्हणत तपासला. दुपार सरली, उन्हं अंगणातून भिंतीवर चढली. चार हजार तीनशे बारापैकी अकरा शब्द अजून जाग्यावर होते. त्यात 'चहा' होता. 'ऑफसाइड' होता. मल्लूला द्यायची एक ठेवणीतली शिवी होती. 'शाले' नव्हता.

"परत शिकवता येतंय म्हणाल्या बाई," मल्लू हळू आवाजात म्हणाला. "पयल्यापेक्षा हळू होईल. दिवसाला दोन, तीन. मी रोज येतो. दुकान उघडायच्या आधी येतो. मीच बसतो समोर."

शालन उठली. आत गेली. मल्लूला वाटलं, आता ती परत येणार नाही. पण ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि तिनं तो दिनकरच्या मांडीवर आदळला.

"घ्या. तुम्हीच काढा, कुठल्यापासून सुरू करायचं ते."

दिनकरनं कार्डं उलटीपालटी केली. पार तळाशी हात घालून एक काढलं आणि मल्लूपुढं धरलं. त्यावर शालननं रंगीत खडूनं एक टकला गोलकीपर काढला होता. बॉल त्याच्याच जाळ्यात, आणि तो मात्र कमरेत वाकून मुजरा घालतोय.

"ह्यो मी?" मल्लूनं विचारलं. "कसलं कार्ड हे?"

"'चुकलं'चं," शालन म्हणाली. "चूक चित्रात कशी काढायची मला कळेना. त्यांनीच खुणा करून सांगितलं, मल्ल्याचा तो गोल काढ म्हणून. टक्कल मी माझ्या मनानं घातलं."

मल्लू कार्डाकडं बघत राहिला. तीस वर्षं त्याला वाटत होतं की तो मुजरा सगळ्यांना मुजराच वाटला.

दिनकरनं डबा शिकवणीवर टाकला आणि मल्लूला समोर बसायची खूण केली. लाल दिवा लागला. मल्लूनं घसा साफ केला. दिनकर त्याच्याकडं रोखून बघत होता, शालन दारात उभी होती, आणि दोन माणसं बघतायत म्हटल्यावर मल्लूच्या आतलं ते जुनं काहीतरी वळवळलंच. त्यानं डोळे फिरवले, नाकातून बारीक आवाज काढला आणि नाटकातल्या नटासारखं म्हणाला, "चुऽऽकलं!"

"आवाज ओळखता आला नाही," डबा म्हणाला. "पुन्हा म्हणा."

कुणी हसलं नाही. दिनकरनं एक बोट वर केलं. पहिल्यापासून.

मल्लूनं कार्ड दोन्ही हातांत धरलं. या वेळी कंबर वाकवली नाही, डोळा मारला नाही. दिनकरकडं सरळ बघितलं.

"चुकलं," तो म्हणाला.

हिरवा दिवा एकदा लागून विझला. एक झालं. अजून एकोणतीस होते.